खिशात पेनड्राइव्ह ठेवूनच दुकानात जा : लिनक्ससाठी स्वस्त आणि हलका लॅपटॉप निवडताना

भाचीला लॅपटॉप घ्यायचा होता. बजेट वीस हजार. पुण्यात शिकते, दर शनिवारी एसटीने घरी जाते, म्हणून वजन कमी हवं. कॉलेजात सी आणि पायथन शिकायचं, तेव्हा लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) वापरायचं हे तिने आधीच ठरवलं होतं. ऑनलाइन बघताना तिला तेवढ्याच पैशांत कोरा करकरीत लॅपटॉप दिसला आणि तिने मला विचारलं, "मावशी, नवा मिळतोय की एवढ्यात. मग सेकंडहँड कशाला घ्यायचा?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं.

त्या नव्या लॅपटॉपची माहिती उघडून बघा. आत बहुतेक वेळा दोन कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर असतो, ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि एसएसडीच्या, म्हणजे वेगवान डिस्कच्या, जागी ६४ जीबीची ईएमएमसी असते. ईएमएमसी म्हणजे मोबाइलमध्ये असते तशा जातीची, बोर्डालाच चिकटलेली साठवण. ती बिघडली तर बदलता येत नाही, रॅम कमी पडली तर वाढवता येत नाही. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडल्या की हा लॅपटॉप बसतो, मग त्यावर लिनक्स असो नाहीतर आणखी काही.

तेवढ्याच पैशांत कंपन्यांच्या लीजवरून सुटलेले लॅपटॉप मिळतात. मोठ्या कंपन्या लिनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक यांसारखे ऑफिसचे लॅपटॉप शेकड्यांनी घेतात, तीन-चार वर्षं वापरतात आणि लॉटच्या लॉट बाजारात सोडतात. हे नवे असताना बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. बिजागऱ्या दणकट, कीबोर्ड उत्तम, आणि मागचे स्क्रू काढले की रॅम, एसएसडी, बॅटरी, वायफाय कार्ड सगळं हाताला लागतं. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ठणठणीत लॅपटॉप विंडोजवाल्यांना नकोसे झाले आहेत. लिनक्सला त्यांचं काहीच वावडं नाही.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा

तुमचं रोजचं काम लिनक्सवर होतं का? ब्राउझर, ऑफिसची कागदपत्रं, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ कॉल, सिनेमे, बँकेची कामं यांत काही अडत नाही. पण टॅलीवर हिशेब लिहीत असाल, श्रीलिपीत डीटीपी करत असाल किंवा फोटोशॉपवर पोट असेल, तर ती सॉफ्टवेअरं लिनक्ससाठी येत नाहीत. विद्यार्थ्यांनी कॉलेजला आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. काही ऑनलाइन परीक्षांना खास लॉक होणारा ब्राउझर लागतो आणि तो अनेकदा लिनक्सवर चालत नाही. भाचीच्या कॉलेजात परीक्षा तिथल्याच लॅबमध्ये होतात, म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

प्रोसेसरचा नंबर वाचायला शिका

दुकानदार "आय-फाइव्ह आहे" म्हणून सांगतो, म्हणजे इंटेलचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर. त्याने काहीच कळत नाही, कारण दहा वर्षांपूर्वीचाही आय-फाइव्ह असतो. पुढचा नंबर विचारा. आय५-८२५०यू यातला ८ म्हणजे आठवी पिढी आणि शेवटचा यू म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा. आय५-७२००यू सातवी पिढी, आय५-१०२१०यू दहावी. शेवटी एच किंवा एचक्यू असेल तर तो जाड, तापणारा लॅपटॉप आहे. आपल्या कामाचा नाही.

दोन पायऱ्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सातव्या पिढीपासून यूट्यूबवर सर्रास वापरला जाणारा व्हीपी९ प्रकारचा व्हिडिओ ग्राफिक्स चिपच पूर्ण उलगडते, त्यामुळे प्रोसेसरवर भार येत नाही, पंखा घोंगावत नाही आणि बॅटरी टिकते. आठव्या पिढीत यू मालिकेच्या आय-फाइव्हमध्ये दोनाचे चार कोर झाले. ही उडी हाताला जाणवते. म्हणून पैसे पुरत असतील तर आठवी पिढी घ्या. फारच कमी असतील तर सातवी. सहावी मी फक्त लिहिण्या-वाचण्यापुरती सुचवते.

रॅमचा खाचा : इथे घाई नको

मला विचाराल तर सगळ्या निवडीत हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमकं याकडेच कुणी बघत नाही. पातळ लॅपटॉप करण्याच्या नादात कंपन्या रॅम बोर्डावर सोल्डर करतात. मग ८ जीबीचा घेतला तर तो जन्मभर ८ जीबीचाच. रॅमचा खाचा, म्हणजे स्लॉट असेल तर आज ८वर भागवून पुढे १६ करता येते.

थिंकपॅड एक्स२७० मध्ये एक स्लॉट आहे. त्याच्याच पुढच्या वर्षीच्या एक्स२८० मध्ये नाही, सगळी रॅम बोर्डावर. दिसायला दोघे भाऊ आहेत. एक्स२८० वजनाला साधारण १.१५ किलो, म्हणजे एक्स२७०पेक्षा हलकाच, म्हणून मोह होतो. घ्यायचाच असेल तर १६ जीबीचा मिळाला तरच घ्या. थिंकपॅड टी४८० मध्ये दोन स्लॉट आहेत, पण वजन १.६ किलोच्या आसपास. टी४८०एस मध्ये थोडी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा, वजन १.३ किलोपासून. वजन आणि सोय यांचा मेळ मला तरी यात सगळ्यांत छान वाटतो. डेल लॅटिट्यूड ७४९० मध्ये दोन स्लॉट आणि वजन १.४ किलोच्या आसपास. एचपी एलिटबुक ८३० जी५ तेरा इंची, सुमारे १.३३ किलोचा, तरी त्यातही दोन स्लॉट बसवले आहेत. एक्स२७० सोडला तर हे सगळे आठव्या पिढीत मिळतात. थिंकपॅड एक्स१ कार्बन दिसतो सुंदर आणि उचलायला फुलासारखा, पण त्यात रॅम कायम बोर्डावरच असते.

आणखी एक. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. "नंतर स्वस्तात टाकू" हे गणित आता बसत नाही. दुकानदाराकडे त्याच मॉडेलचा १६ जीबीचा नग असेल आणि फरक थोडा असेल, तर तोच उचला.

भावाचं म्हणाल तर हे लॅपटॉप नग, शहर आणि दुकान बघून साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरलात की त्या आठवड्याचा भाव कळतो. पहिल्याच दुकानात व्यवहार करू नका.

वजन, पडदा आणि चार्जर

वजन बघताना चार्जरसकट बघा. १.३ किलोच्या लॅपटॉपबरोबर अर्धा किलोची वीट पाठीवर घेऊन लोकलमध्ये उभं राहायचं असेल तर हलक्या लॅपटॉपचा उपयोग काय? वरच्या यादीतले लॅपटॉप टाइप-सी पोर्टवरूनही चार्ज होतात, म्हणजे ६५ वॅटचा लहानसा चार्जर पुरतो, आणि बिघडला तर तो कुठेही मिळतो.

पडदा १९२० बाय १०८०चा आणि आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारा असावा. एकाच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८चे फिकट पडदेही येतात, विशेषतः बारा इंचीमध्ये. ओळखायचं कसं? लॅपटॉप उघडून बाजूने, मग वरून बघा. रंग उलटेपालटे दिसले तर तो स्वस्तातला टीएन पडदा. देवनागरी वाचणाऱ्याला पडद्याच्या दर्जाचा फरक जास्त जाणवतो. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार बारीक असतात, आणि फिकट पडद्यावर तासभर मराठी वाचून डोळे शिणतात.

लिनक्सशी कशाचं जमत नाही

एनव्हीडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप नवख्याने टाळावा. चालतो, पण ड्रायव्हरची (ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) उठाठेव मागे लागते आणि बॅटरीही उतरते. वायफाय कार्ड इंटेलचं असेल तर डोळे मिटून घ्या. ब्रॉडकॉमचं असेल तर नको. रिअलटेकची काही कार्डं आता नीट चालतात, काही छळतात. अंगठ्याच्या ठशाचा सेन्सर चालेल हे गृहीत धरू नका, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे तर मुळीच देऊ नका. क्रोमबुक स्वस्त आणि हलकं दिसतं, पण त्याचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, बदलल्याशिवाय त्यावर नेहमीचं लिनक्स चढत नाही. ते नवशिक्याचं काम नव्हे.

पेनड्राइव्ह तयार करा

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, तेव्हा आधी रिकामा करा. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यातल्या लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरून सिनॅमन आवृत्ती उतरवा. मी नवख्यांना मिंटच सुचवते. मेनू, खालची पट्टी, खिडक्या सगळं ओळखीचं वाटतं. मिंट २२ची मालिका उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. विंडोजच्या संगणकावर रुफस किंवा बॅलेना एचर यांपैकी कुठल्याही सॉफ्टवेअरने ती फाइल पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून चालत नाही, त्यावरून लॅपटॉप सुरू होणार नाही.

याला लाइव्ह पेनड्राइव्ह म्हणतात. लॅपटॉप त्यावरून सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता पूर्ण लिनक्स डोळ्यासमोर येतं.

दुकानात, पैसे देण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी असाच एक लॅपटॉप घाईत उचलला होता. दुकानात विंडोज सुरू करून दाखवलं, पडदा झकास, पैसे दिले, घरी आले. पेनड्राइव्ह लावला तर लॅपटॉप त्याच्याकडे बघेना. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये जावं म्हटलं तर पासवर्ड मागितला. आधीच्या कंपनीने टाकलेला, दुकानदाराला ठाऊक नाही. मदरबोर्डवरचा बटण-सेल काढून ठेवला की पासवर्ड जातो हे जुन्या संगणकांचं खरं होतं. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये लिहिलेला असतो, सेल काढून काहीही होत नाही. शेवटी बोर्डवर काम करणाऱ्या कारागिराकडे तीन खेपा घातल्या, वर पैसे गेले. त्या दिवसापासून खिशात पेनड्राइव्ह असल्याशिवाय मी लॅपटॉपच्या दुकानाची पायरी चढत नाही.

म्हणून भाचीबरोबर गेले तेव्हा सरळ सांगितलं, "पेनड्राइव्ह लावून अर्धा तास बघणार. चालेल?" जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून उठा. आमच्या दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं.

पहिली गोष्ट बायोस. थिंकपॅडला सुरू होताना एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड न मागता आत जाता आलं आणि एखादी सेटिंग बदलून जतन करता आली, म्हणजे कुलूप नाही. मग बंद करून परत सुरू करा. थिंकपॅड आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९ दाबलं की कशावरून सुरू करायचं त्याची यादी येते. पेनड्राइव्ह निवडा.

मिंट सुरू झालं की तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि वायफाय जोडा. इथेच अर्धी शंका फिटते. मग मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, वायफाय कार्ड कुणाचं, डिस्क किती, सगळं एका पानावर येतं. बॅटरीच्या ओळीत कंडिशन म्हणून दोन आकडे असतात. आज किती वॅट-तास मावतात आणि नवी असताना किती मावत होते. भाचीसाठी बघितलेल्या पहिल्या नगात ही टक्केवारी ५८ होती. दुकानदार "बॅकअप तीन तास" म्हणत होता, त्याच्या तोंडी हिशेबापेक्षा हा आकडा पक्का. त्याने दुसरा नग काढला, तो ८४ निघाला. ७०च्या खाली असेल तर नवी बॅटरी घालून मागा किंवा तिची किंमत भावातून वजा करा. टी४८० आणि एक्स२७० यांना दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून निघणारी. दोन्हींचे आकडे बघा.

पुढे हात चालवा. टेक्स्ट एडिटर उघडून कीबोर्डची एकेक कळ दाबा, बाणाच्या कळा आणि एंटर विसरू नका. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा. थिंकपॅड असेल तर कीबोर्डच्या मधोमध असलेली, माउसचं काम करणारी लाल टिकली आपोआप बाण सरकवत तर नाही ना, ते बघा. प्रत्येक यूएसबी पोर्टात माउस लावून पाहा. टाइप-सी पोर्टला चार्जर लावा आणि पिन हलक्या हाताने हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. टी४८०च्या बाबतीत हे दुप्पट काळजीने करा. त्याच्या थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्टवरच्या वेगवान जोडणीच्या) जुन्या फर्मवेअरमध्ये दोष होता आणि अपडेट न केलेल्या लॅपटॉपांचे टाइप-सी पोर्ट त्यापायी बिघडत. ब्राउझरमध्ये व्हिडिओ मीटिंगचं पान उघडून कॅमेरा, माइक, स्पीकर तिन्ही एकदम तपासा. पूर्ण पांढरी खिडकी उघडून पडद्यावरचे डाग शोधा. यूट्यूबवर फुल एचडी व्हिडिओ दहा मिनिटं चालू ठेवा आणि तळाला हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

शेवटी झाकण बंद करा, दोन मिनिटं थांबा, उघडा. लगेच पूर्ववत झाला पाहिजे. लिनक्सवर झोपून न उठणारे लॅपटॉप मी पाहिले आहेत, आणि रोज बॅगेतून नेणाऱ्याला त्याचा फार त्रास होतो.

जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी किती दिवसांची, तेही बिलावरच. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे बहुतेक ठिकाणी सात दिवस. तोंडी वचनावर जाऊ नका.

घरी आल्यावर

इन्स्टॉल करणं आता खरंच सोपं आहे. त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करा, डेस्कटॉपवरच्या चिन्हावर दोनदा टिचकी द्या, विचारतो त्याची उत्तरं द्या. पूर्ण डिस्क पुसून लिनक्स टाका. नवख्याने विंडोज शेजारी ठेवायच्या भानगडीत पडू नये. डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याचा पर्याय येतो तो निवडा, कारण एसटीत बॅग राहिली तर निदान आतली माहिती तरी परक्याच्या हाती जात नाही. तो पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा.

डेल घेतला असेल तर एक मेख आहे. अनेक लॅटिट्यूडमध्ये डिस्कची सेटिंग कंपनीतूनच रेड ऑन अशी येते, आणि मग इन्स्टॉलरला आतली एसएसडी दिसतच नाही. डिस्क खराब आहे समजून लोक घाबरतात. बायोसमध्ये सॅटा ऑपरेशनमध्ये जाऊन एएचसीआय निवडा, डिस्क हजर होते.

मग अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. लिनोव्हो आणि डेल बऱ्याच मॉडेलांचं, तर एचपी काही मॉडेलांचं बायोस अपडेट लिनक्समधून देतात, त्यासाठी विंडोज लागत नाही. हे करताना चार्जर लावलेला ठेवा आणि मध्येच बंद करू नका. गावाकडे लाइट जाते, म्हणून बॅटरी भरलेली असतानाच हे काम उरका.

बॅटरी जपायची असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवता येतं. डेल आणि एचपीमध्ये ही सोय बायोसमध्ये आहे, थिंकपॅडसाठी टीएलपी नावाचं पॅकेज टाकून सेटिंग करता येते.

मराठी टंकलेखनासाठी वेगळं काही विकत घ्यायचं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये नवा लेआउट जोडताना भारतीय भाषांच्या यादीत मराठी सापडतं. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड येत असेल तर तो घ्या. येत नसेल तर मराठीचा कगप फोनेटिक लेआउट आहे, त्यात इंग्रजी कीबोर्डच्या उच्चारानेच अक्षरं उमटतात. दोन्ही युनिकोड आहेत, म्हणजे इथे लिहिलेलं मोबाइलवर, मेलमध्ये, कुठेही तसंच दिसेल. अक्षरं खडबडीत वाटली तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून नोटोचे देवनागरी फाँट टाका.

टेस्टिंग वॉरंटीचे सातही दिवस लॅपटॉप खऱ्या कामाला लावा. एका रात्री पूर्ण चार्ज करून झाकण मिटून ठेवा आणि सकाळी किती टक्के उरली ते पाहा. आठ-दहा टक्के गेले तर ठीक, निम्मी गेली तर झोपेची सेटिंग नाहीतर बॅटरी यांत काहीतरी गडबड आहे. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट नावाची सेटिंग असते, ती लिनक्सवर नेली की बहुधा फरक पडतो. नाहीच पडला तर सातवा दिवस उजाडण्याची वाट बघू नका. सहाव्या दिवशी बिल, चार्जर आणि लॅपटॉप घेऊन दुकान उघडायच्या वेळेला हजर व्हा.